अकरा वाजताची सभा

मला बोलता येतं हे बाभुळगावच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. वक्तृत्व स्पर्धा आली की गुरुजी मला न विचारता नाव लिहायचे आणि मीही विषय न विचारता उभा राहायचो. हुंडा असो, वृक्षारोपण असो, नाहीतर व्यसनमुक्ती. हात कुठे उचलायचा, आवाज कुठे खाली आणायचा, कोणत्या वाक्याला टाळी पडते, सगळं तोंडपाठ. वडील म्हणायचे, "बोलणाऱ्याची अंबाडी खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत." ते स्वतः गहूवाले. एका कचेरीत आयुष्यभर मान खाली घालून लिहीत बसले, कोणी 'बसा' म्हटल्याशिवाय कधी खुर्चीवर टेकले नाहीत. मला त्यांचा भारी राग यायचा. आपण असं व्हायचं नाही, हे मी चौथीतच ठरवून टाकलं होतं.

पुढे मला नोकरी मिळाली तीही तोंडाच्या जोरावर. शेतीचा सल्ला देणारी एक संस्था होती. नाव काय घ्यायचं, आता ती उरलेलीही नाही. तिच्यात माझं पद होतं 'प्रशिक्षक'. दिग्रसला खोली घेऊन राहायचो आणि आजूबाजूच्या गावांत सभा घेत फिरायचो. कपाशीची ती वाईट वर्षं होती. झाड डोक्याच्या वर वाढायचं, बघणाऱ्याला वाटावं काय पीक आहे, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. मग फवारा. आठ दिवसांनी पुन्हा फवारा. गावात कोणाची ना कोणाची जीप उभीच. समिती, पथक, पाहणीवाले, टीव्हीवाले. ज्याला त्याला सभा पाहिजे. आणि सभा म्हटली की मी.

संस्थेनं आम्हाला यवतमाळला तीन दिवसांच्या शिबिरालाही पाठवलं होतं. भाषण कसं करावं, याचं शिबिर. बाहेरगावच्या एक बाई शिकवायला आल्या होत्या. निरोप पाठवणारा, निरोप आणि निरोप घेणारा, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. म्हणाल्या, "आधी शेवटच्या माणसापासून सुरुवात करा. तो कोण, कुठं असतो, कधी मोकळा असतो. मग तोंड उघडा." मी मागच्या बाकावर बसून हसलो. हे काय शिकवायचं झालं? मला त्यांच्याकडून थांबायचं कुठं आणि हातवारे किती करायचे एवढंच हवं होतं. ते मी वहीत नीट लिहून घेतलं. शेवटच्या दिवशी नमुन्याचं भाषण माझंच ठेवलं होतं.

त्या पावसाळ्यात संस्थेकडून कागद आला. 'फवारणी करताना घ्यावयाची काळजी' या विषयावर गावोगाव सभा घ्या, उपस्थिती किमान पन्नास, हजेरीपत्रक जोडा. पुसदच्या रस्त्यावर एका फाट्यावरून दीड किलोमीटर आत एक गाव आहे, तिथली सभा मी ठेवली सकाळी अकराला. अकराला का, तर आमच्या साहेबांची जीप दिग्रसहून दहाच्या आधी हलायची नाही, आणि साहेब आल्याशिवाय सत्कार कोणाचा करायचा? ग्रामपंचायतीसमोर ताडपत्री बांधली, खुर्च्या मांडल्या. सरपंच, सोसायटीचे दोन-तीन जण, चौदा-पंधरा शेतमालक, आणि चहा मिळेल म्हणून आलेली चार म्हातारी माणसं. साहेबांना शाल-नारळ, सरपंचांना शाल-नारळ. मग मी उभा राहिलो.

भाषण झकास झालं, हे मी आजही म्हणतो. तोंडाला फडकं, हातात मोजे, पायात बूट, औषध काठीनं ढवळा, वाऱ्याच्या तोंडावर उभं राहू नका. एकेक मुद्दा असा मांडला की सरपंच मान डोलवत होते. आता सरपंचांनी उभ्या आयुष्यात पाठीवर पंप घेतला नव्हता. खुर्चीतल्या एकानंही घेतला नव्हता. ज्यांनी घेतला होता ते सकाळी सातलाच पंप भरून शेतात गेले होते आणि दुपारी दोनशिवाय परतणार नव्हते. मोजूनमापून त्याच वेळेला मी सभा ठेवली होती.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला माहीत नसेल. माहीत होतं हो, चांगलं माहीत होतं! त्या गावात फवाऱ्याच्या मजुरीवर जाणारा एक उंच, काटक माणूस होता. पाठीवर पंप घेऊन सरीतून असा झपाझप चालायचा की मालक लोक त्याला आधीच सांगून ठेवायचे. दोनदा त्यानं मला फाट्यावरून गावापर्यंत सायकलवर डबलसीट नेलं होतं. दुसऱ्या वेळी पायडल मारता मारता म्हणाला, "साहेब, तुमी सभेत सांगता तरी काय जी?"

म्हटलं, "ये ना एकदा ऐकायला. पुढच्या बुधवारी अकराला आहे."

"अकराले? तवा तं मी फवाऱ्यात असतो."

"मग संध्याकाळी कधी सांगीन तुला निवांत."

"हाव, सांगा," असं म्हणून तो हसला आणि मला पंचायतीजवळ उतरवून गेला. ती निवांत संध्याकाळ काही मी काढली नाही. दिग्रसची शेवटची एसटी चुकते ना.

सभा संपली, साहेब जीपमध्ये बसून पुढच्या गावाला गेले, आणि मी पंचायतीच्या खोलीत हजेरीपत्रक घेऊन बसलो. सह्या बावीस. पन्नासच्या खाली पत्रक गेलं की परत येणार आणि पुन्हा सभा घ्या म्हणणार, हे ठरलेलं. मग सगळे करायचे तेच मी केलं. गावातली नावं मला पाठ होती. ती लिहीत गेलो आणि पुढं सह्या करत गेलो. एक निळ्या पेननं, एक काळ्या, एक उभी, एक तिरपी, दोन-तीन डाव्या हातानं. आमच्यात याला खोटं म्हणत नसत, 'पत्रक पुरं करणं' म्हणत. चहा थंड व्हायच्या आत माझं पत्रक पुरं झालं. त्यात सायकलवाल्याचंही नाव होतं आणि नावापुढं झोकदार सही.

पंधरा-वीस दिवसांनी तो शेतात पडला. दोन-तीन औषधं एकत्र करून कोपरापर्यंत हात घालून ढवळली होती, कपाशी डोक्याच्या वर, वारा समोरून. दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडाला फेस. आधी दिग्रसला नेलं, तिथून यवतमाळला. जीव वाचला. पण घरी आला तेव्हा नजर जवळजवळ गेली होती. समोर कोण उभा आहे हे त्याला आवाजावरून ओळखावं लागायचं. डोकंही आधीसारखं चालेना, कालचं आज आठवायचं नाही.

आणि मग गावात एक वाक्य सुरू झालं. ज्याच्या शेतात तो पडला, त्या मालकानं आधी म्हटलं. "संस्थेनं सभा घेतली, समजावून सांगतलं, कागदावर त्याची सही हाये. सांगूनई ऐकलं नाई तं आमी काय कराव?" पुढं ते वाक्य पानठेल्यावर गेलं, नळावर गेलं, शाळेत गेलं. सांगूनही ऐकलं नाही. अंगात मस्ती होती. जो तो तेच म्हणू लागला. लोकांनाही बरं पडतं हो असं म्हणणं. चूक त्याची ठरली की दुसऱ्या दिवशी आपण फवाऱ्याला मोकळे.

त्याची बायको एका दुपारी दिग्रसला आमच्या कचेरीत आली. मी ओट्यावरच भेटलो. खुर्ची दिली तर बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली.

"साहेब, एक इचारू काय?"

"विचारा ना वहिनी."

"माहे मालक तुमच्या सभेले आलते काय?"

मी म्हटलं, "नाही."

"पक्कं?"

"पक्कं. त्या वेळेला तो फवाऱ्यावर होता."

तिनं मोठा श्वास सोडला. "मंग तेवढंच सांगा. परवा चवकशीवाले येऊन राह्यले. सारा गाव बसन. तुमी तं लय चांगलं बोलता म्हन्तेत लोकं. मले दुसरं काई नाई पायजे. त्याले कोनी सांगतलं नवतं, हे येवढं एक बोलून द्या गावासमोर. दिवसभर बाजीवर बसून मलेच इचारते, मी गेलतो काय वो सभेले? मले आठवत काहून नाई? आता त्याले बी वाटून राह्यलं का आपलीच चूक असन."

मला पत्रकावरची ती सही आठवली. तरी तोंड कसलं थांबतं! "हे काय सांगायचं झालं, वहिनी? सांगतो ना. तुम्ही बिनघोर जा," असं म्हणून मी तिला एसटी स्टँडपर्यंत सोडायलाही गेलो. वाटेत तिनं तीनदा विचारलं, "सांगसान ना?" तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

चौकशीची सभा शाळेच्या पटांगणात झाली. आमच्या साहेबांनी सकाळीच मला बाजूला घेतलं. "सूत्रसंचालन तुम्हीच करा. वातावरण जरा तापलंय, गोड बोला. आणि हो, हजेरीपत्रक मी सोबत आणलंय. आपण सभा घेतली, एवढं सिद्ध झालं की आपण सुटलो." पत्रक त्यांच्या फाइलमध्ये वरच होतं. त्याचा कोपरा दिसत होता मला.

दोन अधिकारी आले होते. बापे सतरंज्यांवर, बाया मागं वर्गाच्या दाराजवळ जमिनीवर. ती सगळ्यांत मागं, दाराच्या चौकटीला लागून. नवऱ्याला आणलं नव्हतं. मी माइक हातात घेतला आणि सगळ्यांचं स्वागत केलं. मोठ्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "सभा तुम्ही घेतली होती ना? मग आधी तुम्हीच सांगा."

देवाशपथ सांगतो, ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. तो माणूस सभेला नव्हता. चार शब्द. चार वर्षांचं पोर म्हणेल इतकं सोपं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न सहीचा, आणि सहीचं उत्तर एकच. मी साहेबांच्या फाइलकडे पाहिलं आणि माझं तोंड आपल्या जुन्या वाटेला लागलं. काळी आई, पांढरं सोनं, घामाचे थेंब, या मातीतल्या माणसाच्या वाट्याला आलेला अंधार. थांबायचं तिथं थांबलो, आवाज खाली आणायचा तिथं आणला. चार मिनिटं बोललो. सरपंचांनी रुमालानं डोळे पुसले. टाळ्या पडल्या.

तिनं टाळी वाजवली नाही. मी माइक टेबलावर ठेवून खाली बसलो तरी ती माझ्याकडेच बघत होती. तिला वाटत होतं अजून माझं संपलेलं नाही, आता सांगतील, आता सांगतील.

मग आमच्या साहेबांनी पत्रक पुढं केलं. अधिकाऱ्यांनी चष्मा लावून ते चाळलं, सदतीस नंबरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "सही आहे. म्हणजे सभेला उपस्थित होते. माहिती दिलेली होती."

ती उभी राहिली. तिच्यापर्यंत माइक कोण नेणार? तशीच बोलली. आवाज बारीक होता पण पुढपर्यंत पोचला.

"सही कशी असन साहेब? माह्या मानसाले सही येतच नाई. तो अंगठा देते. रेशनले अंगठा, बँकेत अंगठा."

लोक मागं वळून बघू लागले. आमच्या साहेबांनी हसून म्हटलं, "अहो बाई, घरातल्या कोणी केली असेल."

"घरात मी अन् माही पोरगी. पोरगी दुसरीत हाये. अन् सभेले आमच्यातलं कोनीच गेलं नवतं. दाखवा मले तो कागद."

पत्रक हातोहात मागं गेलं. ती सातवी शिकलेली. बोट ठेवून नंबर शोधला, सहीवर बोट तसंच ठेवलं आणि वर बघून विचारलं, "मंग हे कोनाची?"

सरपंच पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत होते. साहेब घड्याळ बघत होते. मी टेबलावरच्या फुलांच्या हाराकडे बघत होतो. सहीखालचा झोकदार फराटा मी दहावीपासून मारतो, त्या दिवशीही घाईत हात तसाच गेला होता, आणि इतक्या लांबून मला तो दिसत नसूनही दिसत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. शेवटी अधिकारी म्हणाले, "ठीक आहे, तुमचं म्हणणं नोंदवून घेतो. चला, आटपा आता."

आटपा म्हणजे आभार. आभार म्हणजे मी.

मी उठलो. माइक हातात घेतला. मान्यवरांचे आभार मानले, सरपंचांचे मानले, शाळेनं जागा दिली म्हणून मुख्याध्यापकांचे, ताडपत्रीवाल्याचे, चहावाल्याचे. आणि मग, हे लिहिताना आजही माझे कान तापतात, मी म्हणालो, "आपल्या भगिनीनं मोकळेपणानं आपलं मत मांडलं, त्याबद्दल तिचेही मनःपूर्वक आभार." असं बोललो मी! ती अजून उभीच होती. पत्रक हातात. कोणीतरी जाऊन ते तिच्या हातातून काढून घेतलं.

त्या सभेनं तिचं भलं काही झालं नाही, उलट झालं. आता गावात म्हणू लागले की सही हिनंच केली आणि भर सभेत नाकारली. सरकारकडून काही मिळावं म्हणून नाटक करते. निंदणाला जाणाऱ्या बाया तिला हाक मारेनाशा झाल्या. मी हे ऐकलं ते दिग्रसच्या स्टँडवर, त्याच गावच्या एका माणसाच्या तोंडून. तो मला वर म्हणाला, "तुमी मातर लय मस्त बोल्ले त्या दिवशी." मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. त्याच्या कसली, माझ्याच.

दुसऱ्या दिवशी मी एक पान लिहिलं. अलंकार नाही, काही नाही. सभेला बावीसच माणसं होती, बाकीच्या सह्या मी केल्या, सदतीस नंबरची सही माझी आहे, तो माणूस हजर नव्हता हे मला माहीत होतं. यवतमाळला जाऊन चौकशीच्या अधिकाऱ्यांकडे दिलं, पोच घेतली. साहेबांना सांगितलं तेव्हा ते ओरडले, "अक्कल गहाण टाकली काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं कळत नाही? आता सगळीच पत्रकं उघडतील!" सगळी उघडली का, त्या पानाचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. माझी नोकरी गेली एवढं खरं. पण ते महिन्याभरानं.

पोच मिळाल्यावर मात्र मला हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. त्या पानाची एक प्रत घेऊन मी तिच्या घरी गेलो. मनात कुठंतरी असंही होतं, की ती वाचेल, डोळ्यांत पाणी येईल, म्हणेल की साहेब, तुम्ही मोठ्या मनाचे. बघा, माणसाची जात कशी असते!

तो अंगणात बाजेवर बसला होता. मी "आहेत का घरात?" म्हटल्याबरोबर त्याचं तोंड उजळलं. "साहेब काय? या जी, बसा. च्या मांड वो!" सायकलवर बसवून नेणाऱ्या त्याच मोकळ्या आवाजात. मी बाजेच्या कोपऱ्यावर टेकलो. ती बाहेर आली, हात पदराला पुसले, कागद घेतला आणि दाराच्या उजेडात उभी राहून सावकाश वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"हे कोनाले देल्लं?"

"चौकशीच्या साहेबांना. यवतमाळला."

"अन् गावाले?"

म्हटलं, "वहिनी, चुकलो मी. माफी मागायलाच आलोय."

"इथं कायले मांगता?" ती रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. थकलेली होती. "इथं ऐकाले हाये तरी कोन? थ्या दिवशी तं सारा गाव बसेल होता. अन् माइक तुमच्याच हातात होता, साहेब."

ती आत गेली. चहा काही आला नाही, आणि यायला नकोच होता. मी त्याच्याकडे वळलो. जे सांगायचं ते निदान याला तरी सांगावं. म्हटलं, "भाऊ, तू सभेला आला नव्हतास. तुला कोणी काही सांगितलं नव्हतं. तुझी सही मी केली."

त्यानं आवाजाच्या रोखानं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "नवतो ना? मी म्हनतच होतो हिले. मले आठवत काहून नाई, तं गेलोच नवतो म्हनून." आणि हसला. त्याच्या हसण्यानं मला जे झालं ते कोणाच्या शिव्यांनी झालं नसतं. मग तोच म्हणाला, "सांगाचं असन तं सकायी सांगा जी. टाकीजवळ. सारे पंपवाले साडेसहाले तिथंच असतेत, टॅक्टरची वाट पाहत. अकराले गावात कोन रायते?"

तीन वर्षं मी त्या गावात जात होतो आणि साडेसहाला गाव कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं फाट्यावर उतरलो आणि चालत गेलो. पाण्याच्या टाकीखाली तीस-पस्तीस माणसं होती. पंप खाली ठेवलेले, कोणी पाणी भरतंय, कोणी तंबाखू मळतंय. पायात चपला, काहींच्या त्याही नाहीत. मला बघून दोघा-तिघांनी रामराम केला. बाकीच्यांनी बघितलं न बघितलंसं केलं.

उभं राहायला उंच जागा नव्हती. मी त्यांच्यामध्येच उभा राहिलो. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ टाळ्याला चिकटली. हात कुठं ठेवावे कळेना. "मले... मले एक सांगाचं हाये," एवढं म्हटलं आणि अडलो. घरची बोली मी शाळेतल्या पहिल्या बक्षिसापासून टाकली होती, ती कुठून तोंडात आली देव जाणे. "थो सभेले नवता. त्याले कोनी काई सांगतलं नवतं. सही मी केली. त्याच्या बायकोनं नाई, मी. थे खरं बोल्ली."

तंबाखू मळणारे हात थांबले. मग टाकीच्या पायाला टेकून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "माही बी सही हाये काय त्याच्यावर?"

मी त्याच्याकडे पाहिलं. नाव मला पाठ होतं. "हाव."

"अन् माही?" दुसऱ्यानं विचारलं.

"हाव."

"माही?"

"हाव."

एकेक जण विचारत गेला आणि मी एकेकाच्या तोंडाकडे बघून हाव म्हणत गेलो. एकाचं नाव पत्रकावर नव्हतं. त्याला नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "काहून? मी मानूस नाई काय?" दोघं-तिघं हसले, पण ते हसणं पुढं चाललं नाही. म्हाताऱ्यानं तंबाखू तशीच मातीत टाकली, उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं आता देतो एक ठेवून. दिली असती तर मी गुमान खाल्ली असती.

तो म्हणाला, "मंग सांगा ना आता. काय सांगाचं होतं?"

मी सांगू लागलो. कुठला मुद्दा आधी, कुठला नंतर, काही राहिलं नाही. हात घालू नका औषधात, काठी घ्या. त्याच हातानं तंबाखू खाऊ नका. अंगावरचं कापड घरी गेल्यावर वेगळं धुवा. दोन औषधं एकात मिसळू नका, मालक म्हणाला तरी. "मालक म्हनन तं कोन ऐकते?" असं एक जण म्हणाला. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, "चाला, चाला, मालक वाट पाहून राह्यला!" माणसं पंप उचलून ट्रॉलीत चढू लागली. माझं निम्मंही झालं नव्हतं. मी ट्रॉलीच्या बाजूनं चालत बोलत राहिलो. ट्रॅक्टर हलला तसा पळत बोलू लागलो.

म्हातारा ट्रॉलीच्या फळीला धरून वाकला आणि ओरडून विचारलं, "अन् वारं समोरून असलं तं काय कराव?"

"पाठ कराव!" मी ओरडलो. "वाऱ्याकडं पाठ!"

त्यानं कानामागं हात धरला. ट्रॅक्टर वळणावर गेला होता. मी रस्त्यात उभा राहून पुन्हा पुन्हा ओरडत होतो, पण त्याला ऐकू गेलं की नाही ते मला कळलं नाही.